संगीत चांगलं येतं, एवढ्यावर व्हिडिओ गेमचा संगीतकार होता येईल का?

कीबोर्ड चांगला येतो, चाली सुचतात, तर गेमला संगीत देऊन पोट भरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. मी हेच काम करतो. पण चाल सुचली की काम सुरू होतं, संपत नाही.

सिनेमात प्रसंग किती सेकंदांचा हे ठरलेलं असतं. गेममध्ये एक खेळाडू खोलीतून लगेच पुढे जातो, दुसरा तिथेच वीस मिनिटं किल्ली शोधत बसतो. त्या दुसऱ्याला तुमच्या संगीताचा वीट येता कामा नये. प्रसंग किती लांबेल हे ठाऊक नसतं, म्हणून तुकडा लूपमध्ये फिरतो, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माझ्या पहिल्या लूपमध्ये दर दीड मिनिटाने बारीक खटका बसायचा, कारण शेवटच्या सुराचा रिव्हर्ब, म्हणजे मागे उरणारा घुमारा, सांध्यावर कापला जात होता. आता मी तुकडा लागोपाठ दोनदा वाजवून रेकॉर्ड करतो आणि फक्त दुसरी फेरी कापून घेतो. पहिल्या फेरीचा घुमारा तिच्या सुरुवातीला आपसूक मिसळलेला असतो, त्यामुळे सांधा ऐकू येत नाही.

शिवाय संगीताने खेळाप्रमाणे बदलायला हवं. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच सूर होते, पण शत्रूंचा वेग वाढला की त्यांचाही वाढायचा आणि छातीत धडधडायचं! आज हेच थरांनी करतात: शत्रू जवळ आला की तालवाद्यं चढतात, तो गेला की नुसती तंतुवाद्यं उरतात. ही जुळणी ‘एफमॉड’ किंवा ‘वाइज’ या सॉफ्टवेअरमध्ये होते. दोन्ही शिकण्यासाठी फुकट मिळतात, त्यातलं एक नीट शिकाच. नुसती ऑडिओ फाइल देणाऱ्यापेक्षा गेममध्ये संगीत बसवून देणारा माणूस छोट्या टीमला फार हवा असतो.

कायमची नोकरी थोड्यांनाच मिळते, बरेच जण फ्रीलान्सच करतात. पैसे बहुधा तयार संगीताच्या मिनिटावर ठरतात. करार मात्र ओळ न् ओळ वाचा. माझ्या एका सुरुवातीच्या करारात सगळे हक्क समोरच्यांकडे गेले. मी न वाचताच सही केली होती. त्यातला तुकडा मला माझ्या डेमोतसुद्धा वापरता येत नाही आणि ते अजून लागतं.

ओळखी गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमांत होतात. ‘लुडम डेअर’सारख्या जॅममध्ये दोन-तीन दिवसांत अख्खा गेम उभा राहतो आणि संगीत देणारा कोणी आहे का, अशी विचारणा तिथे हमखास होते. मला पहिलं पैशाचं काम अशाच एका जॅममधल्या प्रोग्रामरने आठ महिन्यांनी दिलं.