विकायला काढलेलं बंद घर आणि विम्याचा भरवसा

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातलं आमचं कौलारू घर दिवाळीपासून कुलूपबंद आहे. आई पुण्याला आमच्याकडे आली. घर तिच्या नावावर आहे. गिऱ्हाईक ठरलं, संचकार (इसार) घेतला. त्याचं बँकेचं कर्ज झालं की पावसाळ्यानंतर खरेदीपत्र. विम्याचा हप्ता दरवर्षी भरतो. आता गिऱ्हाईक म्हणतं, किल्ली द्या, मी घराकडे बघतो. मधेच भिंत पडली तर नुकसान कोणाचं? विमा मिळेल का?

उत्तर: ताई, पहिलं सोपं आहे. नुकसान तुमच्या आईंचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या करारानं घेणाऱ्याचा घरावर हक्क तयार होत नाही. मालकी खरेदीपत्रानं जाते आणि कलम ५५ प्रमाणे पुढचा धोका तेव्हापासून त्याचा. तोवर शहाण्या मालकासारखी घराची काळजी घेणं विकणाऱ्याकडेच. कौलं फुटून पाणी आत शिरतंय आणि कोणी फिरकलं नाही, तर गिऱ्हाईक भाव पाडायला टपलेलंच असतं.

विम्याचं उत्तर मात्र पॉलिसीत आहे, हप्त्याच्या पावतीत नाही. स्टँडर्ड फायर पॉलिसीत (आग, पूर, वादळ यांसाठीचा ठराविक विमा) अट असते की घर ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर विम्याचं संरक्षण थांबतं. ते चालू ठेवायचं तर नुकसान होण्याआधी कंपनीची संमती पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे लेखी नोंद, करून घ्यावी लागते. ‘आधी’ हेच महत्त्वाचं. भिंत पडल्यावर लिहिलेल्या पत्राचा उपयोग नाही. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आली आहे. तुमची कुठली ते बघा आणि रिकाम्या घराबद्दल तीत काय लिहिलंय ते शोधा. ‘काही होत नाही हो’ असं एजंट तोंडी म्हणाला, तर तेच त्याच्याकडून लेखी मागा. बहुधा मिळणार नाही.

तुमचं घर दिवाळीपासून बंद आहे, म्हणजे ३० दिवस केव्हाच उलटले. आईंच्या सहीनं कंपनीला आजच ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टानं पत्र पाठवा. घर कधीपासून बंद आहे ती खरी तारीख, भिंती मातीच्या असतील तर तेही, आणि विक्रीचा करार झालाय हे लिहा. कंपनी जादा हप्ता मागेल, कदाचित अटी घालेल. त्या मान्य करून एंडोर्समेंट हातात घ्या. मेन स्विच बंद ठेवा. पाऊस लागायच्या आत कौलं चाळून घ्या, भिंतींचे तारखेसह फोटो काढा. पूर-वादळानं पडलेली भिंत विम्यात बसते, पण जुनी होऊन आपोआप खचलेली बसत नाही, आणि वाद नेमका इथेच होतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको.

चोरीचंही बघा. भारत गृह रक्षामध्ये नुसती घरफोडी येत नाही. पूर-आगीसारख्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते. सागवानी दारं, तांब्याचे हंडे आत असतील तर हलवा.

किल्ली देऊ नका. ताब्यासह विक्री-करार म्हटला की कर्नाटकात खरेदीपत्राएवढी स्टँप ड्युटी लागू शकते, आणि कर्ज नामंजूर झालं तर माणसाला बाहेर काढायला दिवाणी कोर्टात जावं लागेल. किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे राहू दे. त्यापेक्षा पुरवणी करार करा: खरेदीपत्राआधी घराला इजा झाली तर दुरुस्ती कोणी करायची, किंमत किती कमी करायची, विम्याचे पैसे आले तर ते कोणाचे. खरेदीपत्र नोंदवलं की त्याच दिवसापासून गिऱ्हाइकाची स्वतःची पॉलिसी हवी. तुम्ही तुमची रद्द करून उरलेला हप्ता परत मागा.

दावा नाकारलाच तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही, तर नकारापासून एका वर्षात बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येतं. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, त्यामुळे आईंना बेळगावला खेटे न घालता पुण्यात दाद मागता येईल. मुदत दोन वर्षं.