साबणाची गोष्ट: खरी मेख राखेत

रोमजवळच्या सापो टेकडीवर जनावरांचे बळी दिले जात. त्यांची चरबी आणि राख पावसात वाहून नदीत गेली आणि धुणं धुणाऱ्या बायकांना साबण सापडला, असं वाचलं. खरं आहे का?

नाही. अशी टेकडी कुणाला सापडलेली नाही आणि प्राचीन रोमन लेखकांपैकी कुणी ही हकिकत सांगत नाही. शिवाय चरबी आणि राख पावसात एकत्र आली म्हणून साबण होत नाही. राखेचं पाणी चांगलं कडक लागतं आणि चरबीबरोबर ते तासन् तास रटरटावं लागतं.

'सापो' हा शब्द मात्र खरा. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने तो लिहिला आहे. चरबी आणि राखेपासून गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातले) लोक करत असलेली ही वस्तू केस लालसर करायला वापरतात, असं तो सांगतो. अंग धुण्याचा त्यात उल्लेख नाही. रोमन माणूस अंगाला तेल चोळायचा आणि मळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढायचा.

लाकडाची राख आणि तेल वापरून साबण केला. दोनदा प्रयत्न केला, पण वडी धरतच नाही, लगदाच राहतो. कुठे चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाही. तुमच्या हाती आलाय तोच जुना साबण. शेकडो वर्षं बहुतेक घरगुती साबण असाच मडक्यातून काढून वापरला जायचा.

लाकडाच्या राखेत पोटॅशियमचा क्षार असतो आणि पोटॅशियमचा साबण मऊच होतो. कडक वडीसाठी सोडियम लागतं. त्यासाठी जुन्या कारागिरांची एक युक्ती होती: उकळत्या साबणात मीठ टाकायचं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पातेल्यासमोरून हलवेना. इतका वेळ मधासारखं एकजीव दिसणारं मिश्रण बघता बघता फाटलं, नासलेल्या दुधासारखं. पांढरट कण वर तरंगले, खाली तपकिरी पाणी उरलं. मिठातलं सोडियम साबणात शिरतं आणि खारट पाण्यात साबण विरघळत नाही, म्हणून तो वेगळा होतो. वरचे कण काढून पुन्हा थोड्या पाण्यात उकळा, पुन्हा मीठ घाला. दोन-तीन फेऱ्यांनंतर वडी धरेल.

भूमध्य समुद्राकाठच्या लोकांना हा खटाटोप करावा लागला नाही. तिथल्या खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या राखेतच सोडियम भरपूर आणि ऑलिव्हचं तेल हाताशी. म्हणून सीरियातलं अलेप्पो, पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस, फ्रान्समधलं मार्सेय ही नावं कडक साबणासाठी गाजली. अलेप्पोत त्यात लॉरेल या झाडाचं तेलही पडतं आणि वड्या महिनोन् महिने वाळवतात. आपला 'साबण' हा शब्दही अरबी 'साबून'चाच भाऊ आहे.

मग साबण सगळ्यांच्या घरात पोचला तो कधी?

सोडा, म्हणजे सोडियमचा क्षार, स्वस्त झाला तेव्हा. साबणाच्या इतिहासात सगळे तेलांबद्दल बोलतात, पण माझ्या मते अडचण कायम क्षाराचीच होती. 1791 मध्ये फ्रान्समध्ये निकोला लब्लां याने साध्या मिठापासून सोडा बनवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. आधी मिठावर गंधकाम्ल, मग चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजणं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना सरकारने घेतला. तो परत मिळाला तेव्हा चालवायला पैसा नव्हता आणि 1806 मध्ये लब्लांने आत्महत्या केली. त्याच्या कृतीवर इतरांनी मोठाले कारखाने उभारले, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या कारखान्यांच्या धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटायचा आणि आसपासची झाडं, पिकं करपायची. ब्रिटनने 1863 मध्ये कायदाच केला: या वायूतला 95 टक्के भाग अडवलाच पाहिजे. त्याच दशकात बेल्जियमच्या सॉल्व्हे या रसायनशास्त्रज्ञाची सोडा बनवण्याची वेगळी पद्धत आली आणि लब्लांची कृती हळूहळू मागे पडली.

साबणावर कर होता म्हणे?

होता. ब्रिटनमध्ये 1712 पासून 1853 पर्यंत. चोरून साबण होऊ नये म्हणून रात्री कढईच्या झाकणाला सरकारी कुलूप लागायचं.

नेमकी मापं नव्हती, सूत्रं नव्हती. मग क्षार जास्त झाला तर कातडी भाजायची नाही का?

भाजायची. राखेच्या पाण्यात अंडं सोडून बघत. ते तरंगलं आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर राहिला, तर पाणी पुरेसं कडक. तयार साबण जिभेच्या टोकाला लावायचा. चटका बसला की अजून तेल घाला आणि उकळा. तेल-चरबीत नेमकं काय असतं हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने 1823 च्या ग्रंथात मांडलं: मेदाम्लं आणि ग्लिसरीन. क्षार मेदाम्लांना धरतो, तो साबण. ग्लिसरीन सुटं होतं. तुमच्या पातेल्यात खाली उरलेल्या तपकिरी पाण्यात तेच असतं.

आज प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक (साबणासाठीचा तीव्र क्षार) लागतो याचे तक्ते मिळतात. तोलून घ्या, तेल हिशेबापेक्षा थोडं जास्त ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला. जिभेची परीक्षा कृपा करून करू नका.