कॅलिफोर्नियाचा दंड साताऱ्यात वसूल होईल का?

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारा, संगणकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. मी आणि माझ्या मुलाने लिनक्सवर आधारलेली, पूर्ण मराठीत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली आहे. शाळांना ती फुकट देतो, वेबसाइटवरूनही कोणीही उतरवून घेऊ शकतो. मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरी करतो. डोमेन आणि सर्व्हर त्याच्या नावावर आहेत. तिथल्या काही मराठी पालकांनीही ही सिस्टिम मुलांच्या लॅपटॉपवर टाकली आहे. आता तिथे ऑपरेटिंग सिस्टिमने वय विचारलंच पाहिजे, नाहीतर मुलामागे साडेसात हजार डॉलर दंड, असा कायदा झाल्याचं तो सांगतो. मला दंड होईल का? ‘कॅलिफोर्नियात वापरू नये’ अशी अट लायसन्समध्ये घातली तर सुटका होईल का?

उत्तर : सर, काळजीचं कारण तुम्हाला कमी आणि चिरंजीवांना थोडं जास्त आहे. पण कायदा वाटतो तितका भयंकर नाही.

एबी १०४३, म्हणजे डिजिटल एज अ‍ॅश्युरन्स अ‍ॅक्ट, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या सदस्य बफी विक्स यांनी मांडला. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर सही केली आणि तो १ जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यात ओळखपत्र मागितलेलं नाही, चेहऱ्याचं स्कॅनही नाही. खातं उघडताना मोठ्या माणसाने, मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी, वापरणाऱ्याची जन्मतारीख किंवा वय टाकायचं. सिस्टिमने त्यावरून चारपैकी एक गट ठरवायचा : १३ च्या आतला, १३ ते १५, १६-१७ आणि १८ च्या पुढचा. अ‍ॅपने विचारलं की तेवढा गट कळवायचा. पालकांनी खोटी तारीख टाकली तर? सिस्टिमवाल्याने प्रामाणिकपणे व्यवस्था केली असेल तर चुकीच्या गटाचं खापर त्याच्यावर फुटत नाही.

साडेसात हजारांचा आकडा खरा आहे, पण तो जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी, आणि तोही ‘पर्यंत’. निष्काळजीपणासाठी मर्यादा मुलामागे २,५०० डॉलरची आहे. दावा फक्त राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल करू शकतो, एखादा चिडलेला पालक नाही. मात्र ‘आम्ही फुकट देतो’ या बचावावर विसंबू नका. सिस्टिम विकसित करणारा, परवान्याने देणारा किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवणारा कोणीही, अशी व्याख्या आहे. त्यात किमतीचा उल्लेख नाही.

आता साताऱ्याचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परदेशी हुकूमनाम्याच्या वसुलीची थेट दरखास्त इथे चालते, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशांचीच. अमेरिका त्या यादीत नाही. शिवाय दंडाची रक्कम त्या कलमातून वगळलेलीच आहे. तेव्हा तिथला आदेश घेऊन बेलीफ तुमच्या दारात उभा राहील, हे डोक्यातून काढून टाका. इथे नव्याने दावा लावायचा म्हटलं तरी परक्या सरकारचा दंड वसूल करून देण्याचं काम आपली न्यायालयं सहसा करत नाहीत.

चिरंजीवांचं तसं नाही. ते तिथे राहतात, डोमेन त्यांचं, सर्व्हर त्यांचा. नोटीस निघालीच तर त्यांच्या पत्त्यावर निघेल. आणि माझी सनद महाराष्ट्रातली. त्यांच्या बाजूचा अंतिम सल्ला तिथल्याच वकिलाचा हवा.

लायसन्समध्ये अट घालण्याचा विचार सोडा. लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, आणि ज्याने ते पुढे दिलं त्याला घेणाऱ्यावर जादा निर्बंध घालता येत नाहीत. म्हणजे एका राज्याचा कायदा चुकवायला जाऊन हजारो लोकांच्या कॉपीराइटचा भंग अंगावर घ्यायचा! कॅलिफोर्नियातल्या लोकांना तुमच्या सर्व्हरवरून डाउनलोड न देणं ही वेगळी गोष्ट. ती तुमची मर्जी आहे. पण तुमच्या हातातल्या कामाच्या मानाने तो फारच कंजूष मार्ग वाटतो.

वय विचारणारा एक स्क्रीन जोडा, झालं. तुमची सिस्टिम ज्या मोठ्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार आवृत्तीवर) उभी आहे, तिच्या कर्त्यांनी ही सोय केली तर ती काढून टाकू नका. १ जानेवारी २०२७ च्या आधी सुरू झालेल्या लॅपटॉपसाठी १ जुलै २०२७ पर्यंत मुदत आहे. न्यूसम यांनी सही करतानाच विधिमंडळाला काही दुरुस्त्या सुचवल्या होत्या, म्हणून डिसेंबर २०२६ मध्ये कायद्याचा ताजा मजकूर वाचूनच काम पक्कं करा.

मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. तुमची सिस्टिम मी ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर टाकून पाहिली. (टायपिंग सुरेख आहे, जोडाक्षरं कुठेही फुटत नाहीत.) पहिल्याच पडद्यावर फॉर्म येतो : विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, शाळा, पालकांचा मोबाइल. भरल्याशिवाय ‘पुढे’ हे बटण उमटतच नाही, आणि भरलेलं सगळं तुमच्या सर्व्हरवर जातं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायची तर कलम ९ प्रमाणे पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नुसती टिकमार्क पुरत नाही. चुकलं तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतात. तुमच्यावर इतका दंड कोणी लावणार नाही हे उघड आहे. पण इथे कलम ४४-अ आडवं येत नाही.

आकडेवारीसाठी फक्त शाळेचं नाव आणि संगणकांची संख्या मुख्याध्यापकांकडून घ्या. मुलांची नावं आणि पालकांचे मोबाइल सर्व्हरवरून आजच पुसा, बॅकअपमधूनही. आणि वयाचा नवा स्क्रीन केलात की जन्मतारीख त्या लॅपटॉपवरच राहील, तुमच्याकडे येणार नाही, एवढं पाहा.

चिरंजीवांना तिथल्या वकिलाकडे जाताना तीन कागद न्यायला सांगा : डोमेनची नोंदणी, सर्व्हरची बिलं आणि अपडेट सोडण्याचा अधिकार कोणाकोणाकडे आहे त्याची यादी. नियंत्रण कोणाचं, हा प्रश्न आला की त्या यादीवरच पहिली नजर जाईल.