बागेतले प्रश्न : खान्देशात गुलाबी ट्युलिप कोणता लावावा?

प्रश्न (जळगाव) : श्रीनगरची ट्युलिप बाग पाहून आल्यापासून अंगणात गुलाबी ट्युलिप लावायचे मनात आहे. यादीतून अँजेलिक, मेंटन, पिंक इम्प्रेशन, ख्रिसमस ड्रीम आणि बार्सिलोना ही नावे निवडली आहेत. २० कंद घ्यायचे आहेत, अंगणात काळी माती आहे. यातला कोणता घ्यावा?

उत्तर : ख्रिसमस ड्रीम आणि बार्सिलोना, प्रत्येकी १० कंद. दोन्ही कुंडीत लावा, अंगणात नको.

कारण रंगात नाही, थंडीत आहे. ट्युलिपच्या कंदाला देठ लांबवण्यासाठी २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये सलग १२ ते १६ आठवडे काढावे लागतात. श्रीनगरला कंद हिवाळाभर गार जमिनीत असतो, म्हणून तो मार्चअखेर फुलतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखादी पहाट ८ अंशांवर येते, पण दुपारी पारा २८ च्या आसपास असतो. जमीन तेवढी गार होतच नाही. ही थंडी फ्रिजमध्येच द्यावी लागते, आणि बाहेर काढल्यावर फुलायला फार दिवस न घेणारी जातच इथे चालते.

मेंटन हा उशिरा फुलणाऱ्या वर्गातला. रंग जर्दाळूसारखा गुलाबी आणि फार देखणा, पण त्याला १५-१६ आठवडे थंडी लागते. १ ऑक्टोबरला फ्रिजमध्ये ठेवला तर लावायला जानेवारीचा मध्य उजाडतो आणि कळी मार्चच्या उन्हात सापडते. अँजेलिक दुहेरी पाकळ्यांचा, फिका गुलाबी, तोही उशिराचा. भरगच्च पाकळ्यांची कळी उन्हाळी हवेत उमलण्याआधीच सुकते. पिंक इम्प्रेशन डार्विन संकरित गटातला, अर्ध्या मीटरहून उंच, आणि कुंडीत वाऱ्याने कलंडतो. ख्रिसमस ड्रीम मात्र लवकर फुलणारा, साधारण ३५ सेंटीमीटर उंचीचा, गडद गुलाबी. बार्सिलोना ट्रायम्फ या मध्यम काळात फुलणाऱ्या गटातला, जांभळट झाक असलेला. दुहेरी पाकळ्यांचाच हट्ट असेल तर अँजेलिकऐवजी फॉक्सट्रॉट घ्या. तो दुहेरी असूनही लवकरचा आहे.

कंद १२ सेंटीमीटर घेराचा किंवा त्याहून मोठा, हाताला जड आणि टणक हवा. वरच्या सालीवर निळसर-हिरवी बुरशी दिसली तर पुसून टाका, ती फारशी घातक नसते. पण कंद मऊ लागत असेल आणि आंबूस वास येत असेल तर बाजूला काढून फेका.

सप्टेंबरमध्येच मागवा. १ ऑक्टोबरला फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले तर २४ डिसेंबरला १२ आठवडे भरतात, म्हणजे बरोबर आपल्या सर्वांत गार दिवसांत लागवड येते. कंद आधीच थंड करून आलेले असतील तर किती आठवडे थंड केले ते विक्रेत्याला विचारा आणि तेवढे वजा करा.

लावण्यासाठी आठ इंची मातीच्या तीन कुंड्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत. माठ जसा पाझरून गार राहतो तशीच कुंडीही राहते. दोन भाग कोकोपीट, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चाळलेले जुने कंपोस्ट. ताजे शेणखत घातले की कंद सडतो. काळ्या मातीत तो सडतो याचेही कारण तेच, मुळापाशी साचणारी ओल. कंदाच्या बुडाची तपकिरी साल हलक्या हाताने सोलून मुळांची चकती उघडी करा, नाहीतर मुळे सालीतच गुंडाळून राहतात. एका कुंडीत सहा-सात कंद, सपाट बाजू कुंडीच्या कडेकडे, म्हणजे पहिले मोठे पान बाहेरच्या बाजूला झुकते. टोक मातीखाली जेमतेम झाकावे.

पहिले दोन आठवडे कुंड्या सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. कोंब वर आला की पूर्वेचे, दहा वाजेपर्यंतचेच ऊन द्या आणि रात्री उघड्यावर ठेवा. पाने पसरली की एका लिटर पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट एकदा द्या. कॅल्शियम कमी पडले की देठ मधोमध पाणावून मोडतो. पाच ते सात आठवड्यांत फूल यावे.

प्रश्न (भुसावळ) : गेल्या वर्षी पाने छान आली, कळ्या मात्र पानांतच कागदासारख्या सुकल्या. कंद पाच आठवडे फ्रिजमध्ये होते.

उत्तर : यात दोन चुका असू शकतात, आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. देठ आखूड राहून फूल पानांतच उमलले तर थंडी कमी पडली. पाच आठवड्यांत तेवढेच घडते. पण कळी पांढरट, कागदी होऊन सुकली असेल तर संशय इथिलिन वायूवर जातो. उष्णता किंवा पाण्याचा ताण यानेही असे होते, पण आधी फ्रिजमध्ये कंदाशेजारी काय होते ते आठवा.

केळी पिकवण्याच्या खोल्यांत सोडतात तोच हा वायू. पिकणारे प्रत्येक केळ, आंबा, पपई, पेरू, सफरचंद, टोमॅटो तो स्वतःही सोडते. कंदाच्या आत फुलाचा इवलासा आकार आधीच तयार झालेला असतो, आणि हा वायू नेमका त्यालाच मारतो. पानांना काही होत नाही, म्हणून चूक दोन-अडीच महिने कळतच नाही. सडका कंदही इथिलिन सोडतो, त्यामुळे एक मऊ कंद सगळी पिशवी घालवू शकतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर फार जपावे. घरात घड पिकायला टांगला असेल त्या खोलीत कुंडीही नको, आणि कंदांचे पार्सल केळीच्या गाडीतून मागवू नका.

फ्रिजमध्ये तीन महिने फळे न ठेवणे बहुतेक घरांत जमत नाही. मग डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पूर्ण थंड केलेले कंद घ्या आणि आले त्याच दिवशी लावा. स्वतः थंड करायचे असतील तर कागदी पिशवीत ठेवा. हवाबंद डबा नको, कंद श्वास घेतो. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘खायचे नाही’ असे लिहा. हा कंद अगदी कांद्यासारखा दिसतो, पण विषारी आहे.

प्रश्न (शहादा) : फुलून गेलेले कंद पुढच्या वर्षी वापरता येतील का? आम्ही तोरणमाळलाही लावू शकतो.

उत्तर : नाही. फुलानंतर पाने सहा आठवडे हिरवी आणि हवा गार राहिली तरच नवा कंद भरतो. आपल्याकडे फेब्रुवारीतच पाने पिवळी पडतात आणि हाती लसणाएवढ्या गाठी येतात. तोरणमाळला गारवा जास्त असला, तरी तिथेही जमीन सलग तीन महिने ९ अंशांखाली राहत नाही. ट्युलिप दरवर्षी नवा घ्यायचा, एवढा खर्च धरूनच हा छंद करावा.

प्रश्न (अमळनेर) : फूल दुपारी ताटलीसारखे उघडते आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात.

उत्तर : उष्णतेने पाकळ्या उघडतात, गारव्याने मिटतात. कळीला रंग चढला की कुंडी सकाळी दहाच्या आत घरातल्या सर्वांत गार खोलीत आणा, रात्री पुन्हा बाहेर ठेवा. कडक उन्हात गुलाबी रंगही फिका पडतो.

प्रश्न (धुळे) : एवढी यातायात न करता जमिनीत टिकणारे, ट्युलिपसारखे गुलाबी फूल आहे का?

उत्तर : आहे, आणि खान्देशासाठी आम्ही तेच आधी सुचवू. सियाम ट्युलिप. तो ट्युलिप नव्हे. मूळचा थायलंड परिसरातला, हळदीच्याच कुळातला. ज्याला आपण फूल म्हणतो त्या गुलाबी पाकळ्या खरे तर रंगीत पाने असतात, खरी जांभळट फुले त्यांच्या आत लहानशी दिसतात. चियांग माई पिंक ही गुलाबी जात सर्वांत प्रसिद्ध आहे. गड्डा दीड-दोन सेंटीमीटर जाडीचा घ्या आणि त्याला खाली लोंबणारी फुगीर मुळे तीन तरी असावीत. त्यांतच त्याचा अन्नसाठा असतो, ती तुटली की फूल लहान येते.

पहिला चांगला पाऊस पडल्यावर जूनमध्ये लावा. काळ्या मातीत वाळू आणि कंपोस्ट मिसळून वीतभर उंच गादीवाफा करा. खोली ५ ते ७ सेंटीमीटर, अंतर २० सेंटीमीटर. दुपारी थोडी सावली मिळेल अशी जागा हवी. फुले ऑगस्टपासून येतात आणि देठ पाण्यात आठवडाभर सहज टिकतो.

एक काळजी : जिथे वांगी किंवा टोमॅटोची झाडे हिरवी असतानाच मरगळून मेली असतील, तिथे हा लावू नका. तो जिवाणूजन्य मर रोग यालाही लागतो. भरताच्या वांग्यांचा जुना वाफा म्हणूनच टाळावा.

दिवस लहान झाले की नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी पडतात. झाड मेले असे समजून पुष्कळजण कुंडी रिकामी करतात. ते फक्त झोपलेले असते. पाणी तोडा, पाने पूर्ण वाळल्यावर गड्डे मुळांसकट हलक्या हाताने काढा, सावलीत सुकवून कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये नको. मे महिन्यात गड्ड्यावर गुलाबी डोळा फुगलेला दिसला की लावणीची तयारी करा.