कैलास लेणं ‘माणसांनी कोरलंच नाही’ हा टीव्हीवरचा दावा कसा तपासायचा?

तुम्ही विचारलंय, वेरूळचं कैलास लेणं परग्रहवासीयांनी कोरलं असं टीव्हीवरच्या माहितीपटात सांगतात, त्यात तथ्य किती? काहीही नाही. आणि हे घरबसल्या तपासता येतं.

सुरुवात आकड्यापासून करा. ‘18 वर्षांत 4 लाख टन खडक’ ऐकलं की छाती दडपते, कारण भागाकार कुणी करत नाही. मंदिराभोवती डोंगरात वरून खाली खोदलेला खड्डा साधारण 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागच्या बाजूला 107 फूट खोल. गुणाकार येतो 45 लाख घनफूट. पण हा झाला अख्ख्या ठोकळ्याचा हिशोब! डोंगर उतरता आहे, पुढे खोली कमी होत जाते आणि मधलं मंदिर तर जागेवरच आहे. हे वजा केलं की 20 लाख घनफुटांच्या आसपास उरतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी माणशी रोज 4 घनफूट दर धरला होता. 250 माणसं, रोज 1000 घनफूट, म्हणजे 2000 दिवस. साडेपाच वर्षं. शिवाय ती 18 वर्षं कुठल्या शिलालेखात नाहीत. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द (756 ते 773) तेवढी, म्हणून तो आकडा. काम पुढच्या राजांच्या काळातही चालू होतं, असं बरेच अभ्यासक मानतात.

मग काय वगळलंय ते बघा. बडोद्याच्या 812-13 सालच्या ताम्रपटात एलापूरच्या (म्हणजे वेरूळच्या) डोंगरावरच्या या मंदिराचं श्रेय कृष्णराजाला दिलंय. ‘हे माझ्या हातून घडलं तरी कसं’ म्हणून खुद्द मंदिर घडवणारा स्थपती चकित झाला, असंही त्यात आहे. प्राच्यविद्या संशोधक रा. गो. भांडारकरांनी हे 1883 मध्येच मांडलं. ‘कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही’ म्हणणारा निवेदक एवढा पुरावा गाळतो, याची मला खरंच चीड येते.

‘काही तज्ज्ञ मानतात’ आलं की पडद्यावरचं नाव टिपून घ्या आणि त्या माणसाचं उत्खननावर किंवा जुन्या शिलालेख-ताम्रपटांवर काही काम आहे का ते शोधा. बहुतेकदा नसतं.

अवजारांबद्दल शंका असेल तर अर्धवट सोडलेली लेणी बघावीत. पुरी झालेली भिंत घासूनपुसून गुळगुळीत केलेली असते, तिथे पद्धत दिसत नाही. वेरूळलाच 30 क्रमांकाचं छोटा कैलास अपुरं आहे. मुंबईकरांना त्याहून जवळ म्हणजे कान्हेरीचं 1 क्रमांकाचं लेणं, तेही अपुरंच. ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे आणि उद्यान सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा.