पहिल्या वर्षी एवढं सांभाळ

भाऊ, पहिलंच सोयाबीन आहे ना? मग जमिनीतल्या जिवाणूंसाठी फार खोलात जाऊ नकोस. एक गोष्ट आधी नीट कर: बीजप्रक्रियेचा क्रम.

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू (१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम). नवीन माणूस हमखास सगळं एकाच बादलीत कालवतो. मीही कालवलं होतं. महिन्याभरानं झाडं उपटली तर मुळांवर गाठी बोटावर मोजण्याइतक्या! रायझोबियम लावलेलं बी सावलीत सुकव आणि त्याच दिवशी पेर.

बाकीच्या चुका:

- हुमणी (मुळं खाणारी अळी) दिसली नाही तरी 'असू दे' म्हणून क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची आळवणी. हे औषध विघटन पावताना जो पदार्थ बनतो, तोही जिवाणूंना मारक असतो. आधी चार ठिकाणी खणून अळ्या मोज.
- हुमणी मारायला मेटारायझियम सोडल्यावर लगेच बुरशीनाशक ओतणं. अरे, तीही बुरशीच! पैसे गेले पाण्यात.
- दरवर्षी तेच दाणेदार औषध. काही जिवाणू ते खाऊनच जगायला शिकतात, मग कीड मरायच्या आत औषधच संपतं. कार्बोफ्युरानचं असंच झालेलं आहे.

चांगलं कुजलेलं शेणखत मात्र घाल. कच्चं नको, त्यातूनही हुमणी येते.

माती परीक्षणातले सूक्ष्मजीवांचे आकडे वगैरे पुढच्या वर्षी बघू. चाळिसाव्या दिवशी दोन-चार झाडं मुळासकट काढ आणि एक गाठ फोडून बघ. आतून गुलाबी निघाली, म्हणजे गाठ काम करतेय, तर मला फोटो पाठव.