घोडीचे पोट दिसत नाही, कासही भरलेली नाही. तरी ती गाभण असू शकते का?

आपला प्रश्न असा आहे की, दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली पहिलारू घोडी मागच्या फेब्रुवारीत भरवली होती असे विकणाऱ्याने सांगितले. आता जानेवारी उजाडला, अकरा महिने होत आले, तरी पोट सुटलेले नाही, कास रिकामी आहे, आणि गावातली जाणती माणसे ‘ही गाभण नाहीच’ असे ठामपणे सांगत आहेत. माझे उत्तर असे की, पोट आणि कास पाहून ती रिकामी आहे असे मुळीच ठरवू नका. तपासणी लगेच करून घ्या, आणि ती होईपर्यंत घोडी कोणत्याही रात्री विणार आहे असे धरून चला.

गावातल्या माणसांचा सल्ला चुकीच्या हेतूने दिलेला नाही, हे आधी सांगतो. आपल्या कोल्हापूर भागात दूधधंद्यामुळे घराघरातली नजर म्हशीवर तयार झालेली आहे. म्हैस विण्याआधी कास भरते, निरण (योनीचे बाहेरचे तोंड) सुजून सैल पडते, चिकट स्राव दिसतो, आणि कळा सुरू झाल्यावरही माणसाला डॉक्टर बोलावण्याइतका वेळ बहुधा मिळतो. हाच हिशेब घोडीला लावला की फसगत होते. मी कागलकडे गेली अनेक वर्षे घोडी पाळतो, आणि म्हशीच्या बाबतीत ज्यांचा शब्द मी डोळे मिटून मानतो अशा माणसांचे अंदाज घोडीच्या बाबतीत चुकलेले पाहिले आहेत.

पोटाचे म्हणाल तर, गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, आणि पूर्ण वाढलेल्या शिंगराचे वजनही आईच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच असते. पहिलारू घोडीच्या पोटाचे स्नायू पूर्वी कधी ताणलेले नसल्यामुळे घट्ट असतात, म्हणून पोट खाली उतरत नाही. त्यात घोडी खोल छातीची, रुंद बरगड्यांची असेल तर गर्भ आतल्या आत सामावून जातो आणि बाहेरून काही कळत नाही. मेंढरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहून नेणाऱ्या धनगरांच्या घोड्या रोज चालून सडपातळ राहतात, आणि त्यांच्यात तर विण्याच्या आठवड्यापर्यंत पोट न दिसणे मी कितीदा तरी पाहिले आहे. याच्या उलट, नुसत्या वाळल्या कडब्यावर आणि उसाच्या वाड्यावर ठेवलेल्या, जंत झालेल्या रिकाम्या घोडीचे पोट असे सुटते की पाहणारा तिला दिवस भरलेली समजतो.

कासेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा भरवसा तिच्यावरच असतो. पुष्कळ घोड्यांची कास विण्याआधी दोन ते सहा आठवडे भरू लागते, शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब जमतात, आणि चीक आधी पाणचट, मग करडा व शेवटी पांढरा, बोटाला चिकटणारा होतो. पहिलारू घोडीत मात्र हा सगळा क्रम एका रात्रीत उरकू शकतो, आणि काहींची कास शिंगरू झाल्यानंतर भरते. माझ्याकडच्या एका काठेवाडी पहिलारू घोडीच्या सडांमागची कातडी संध्याकाळी मी हाताने चाचपली तेव्हा ती मऊ, सुरकुतलेली आणि थंड होती, पिळल्यावर काही आले नाही. पहाटे पाहतो तर शिंगरू उभे राहून त्याच कासेला धडका देत होते. म्हणून मी कासेपेक्षा शेपटीच्या मुळाशी जास्त पाहतो. तिथे दोन्ही बाजूंना बोटे दाबून रोज तपासावे. एरवी ताठ लागणारा भाग दिवस भरत आल्यावर सैल आणि दबणारा होत जातो, आणि निरण लांबट, ढिली दिसू लागते. रोज एकाच वेळी, एकाच हाताने तपासले तरच हा फरक कळतो. सडातून थोडे दूध येत असेल तर डॉक्टर त्यातील कॅल्शियम किंवा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) पट्टीने पाहून विण्याची वेळ जवळ आली का याचा बराच चांगला अंदाज देतात. पण कास कोरडी असेल तर हा मार्गच बंद असतो.

एक उलटी गोष्टही ध्यानात असू द्या. आठव्या-नवव्या महिन्यातच कास भरून दूध ठिबकू लागले, तर ते चांगले लक्षण नव्हे. पोटात जुळी असणे किंवा वारेला संसर्ग होणे यामुळे तसे घडते, आणि तेव्हा वाट पाहत बसू नये.

तारखेवरही फार विसंबू नका. घोडीचा गर्भकाळ सरासरी 340 दिवसांचा असला तरी 320 ते 365 दिवसांपर्यंत कधीही निरोगी शिंगरू जन्मते. शिवाय घोडी साधारण 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते. फेब्रुवारीत गर्भ ठरला नसेल आणि मार्चमध्ये पुन्हा घोडा दाखवला असेल, म्हणजे घोडी पुन्हा भरवली असेल, तर विकणाऱ्याने सांगितलेला हिशेब सहज तीन आठवडे पुढे जातो. शक्य असेल तर त्याला फोन करून शेवटचा घोडा कधी दाखवला एवढेच विचारा.

तपासणीबाबत माझा आग्रह आहे की, ती घोड्यांवर हात बसलेल्या पशुवैद्यकाकडूनच व्हावी. गाईम्हशींना रेतन करणारी मंडळी रोज गुदाशयातून हात घालून तपासतात, पण घोडीचा गुदाशय त्या मानाने नाजूक असतो, घोडी जोर लावते, आणि तो फाटला तर घोडी वाचणे कठीण होते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा, नाहीतर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. 1962 हा शासनाचा मदत क्रमांकही आहे. इतक्या पुढच्या दिवसांत गर्भ असेल तर जाणत्या हाताला तो लगेच कळतो. धनुर्वाताची लस झाली आहे का, हेही त्याच वेळी विचारा. ती विण्याआधी चार-सहा आठवडे द्यायची असते, पण वेळ टळली असेल तर काय करायचे ते डॉक्टर सांगतील.

तोवर घोडीला गाडीला जुंपू नका, मोकळी व कोरडी जागा द्या, भरपूर स्वच्छ पेंढा टाका आणि रात्री लांबून लक्ष ठेवा, कारण बहुतेक घोड्या रात्रीच वितात आणि माणसांची वर्दळ असेल तर थांबूनही राहतात. पाण्याची पिशवी फुटल्यावर शिंगरू वीस ते तीस मिनिटांत बाहेर यायला हवे. दहा-पंधरा मिनिटांत पांढुरका पडदा आणि पाय दिसले नाहीत तर डॉक्टरांना फोन करा. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली, तर वार आधीच सुटलेली असते आणि शिंगराचा श्वास कोंडत असतो. अशा वेळी डॉक्टरांची वाट न पाहता ती पिशवी तिथेच फाडून शिंगरू बाहेर घ्यावे लागते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे आणि तीन तासांत वार पडावी. वार ओढू नका. म्हशीसारखी दिवसभर वाटही पाहू नका, कारण अडकलेल्या वारेने घोडीच्या अंगात विष भिनून खुरांपर्यंत सूज पोहोचते.

आपल्या घोडीबाबत मला सर्वांत जास्त काळजी चिकाची वाटते. शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, तीही पहिल्या सहा-आठ तासांत सर्वांत चांगली, आणि दिवसभरानंतर आतडे ती शोषून घेत नाही. कास कोरडी राहिली तर त्या घाईत चीक मिळणार नाही. म्हणून आत्ताच आपल्या भागातल्या घोडागाडी शर्यतीच्या घोडेवाल्यांकडे चौकशी करून नुकतीच व्यालेली किंवा लवकरच विणारी घोडी कुणाकडे आहे ते पाहून ठेवा. चीक काढून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवता येतो आणि वापरताना तो कोमट पाण्यात हळूहळू वितळवायचा, उकळायचा नाही.

तपासणीत ती रिकामी निघाली, तर या हंगामात घोडा दाखवल्याची प्रत्येक तारीख लिहून ठेवा आणि शेवटच्या तारखेपासून साधारण सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या. गर्भ इतक्या लवकरही दिसतो, आणि जुळी असतील तर त्यांतला एक काढण्याचा निर्णयही डॉक्टरांना त्याच वेळी घेता येतो.